डी ड्राइव्हमध्ये सगळं आहे

दिवाळी अंकाचे शेवटचे दोन फॉर्म उरले, की आमच्या छापखान्यात कुणी मोठ्याने बोलत नाही. २०२५ सालच्या १२ ऑक्टोबरच्या रविवारी हा रिवाज मोडला, आणि मोडणारी घरचीच होती.

छापखाना अण्णांचा. त्यांची सून डबा घेऊन आली होती. ती एका मोठ्या इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात आहे. तिकडचा सर्व्हर रुसला की रात्री दोन वाजता जिला फोन जातो, ती. डबा ठेवता ठेवता तिची नजर दारापाशी असलेल्या कॉम्प्युटरवर गेली. पडद्यावर कसलीशी सूचना आली होती आणि अण्णांनी ती न वाचताच बंद केली.

"बाबा, काय होतं ते?"

"रोजचंच. मंगळवारपासून अपडेट बंद म्हणे."

"विंडोज टेनचे. १४ तारखेला संपतंय ते."

"संपू दे. ऐन घाईच्या वेळी ते ठिपके गरगरत बसायचे, 'कॉम्प्युटर बंद करू नका' म्हणून. आता सुखाने काम करता येईल."

मी कोपऱ्यात मुद्रितं घेऊन बसले होते. एकवीस वर्षं त्याच कोपऱ्यात बसते, त्यामुळे अण्णांचा हा सूर माझ्या ओळखीचा. वाद नको असला की ते विनोद करतात. सुनेच्याही ओळखीचा असावा, कारण तिने खुर्ची पुढे ओढली.

आधी इथल्या दोन यंत्रांची ओळख करून द्यायला हवी. दारापाशी असलेलं 'नवं', म्हणजे सहा वर्षांचं. त्यावर विंडोज टेन, जीएसटीची बिलं, कोरल, इनडिझाइन आणि गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून येणारा सगळा पसारा. दुसरं आतल्या खोलीत, पंख्याखाली. २००४ साली घेतलेलं. विंडोज एक्सपी, पेजमेकर सेव्हन, आणि पाठीमागे पंचवीस छिद्रांच्या जुन्या प्रिंटर पोर्टात खोवलेलं काडेपेटीएवढं डोंगल. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडताना आधी त्या डोंगलला हाक मारतं. ओ मिळाली तरच पुढे सरकतं. या यंत्राला इंटरनेट नाही. त्याच्या पोटात छापखान्याची वीस वर्षं आहेत.

"अंक प्लेटला जायचाय आणि आज विंडोज बदलू म्हणतेस?"

"आज अजिबात नाही. मीच बदलू देणार नाही. पण बॅकअप आहे का, एवढं सांगा."

"आहे की. डी ड्राइव्हमध्ये सगळं आहे."

ती हसली नाही, हे मला आवडलं. कारण हा समज काही एकट्या अण्णांचा नाही. आपल्याकडे घरी येऊन 'फॉरमॅट मारून' देणाऱ्या पोरांनी तो घरोघरी पोचवलेला आहे: सी उडाला तरी डी राहतो. विंडोज नव्याने टाकताना सी पुसला जातो आणि डी वाचतो, इथवर ते खरंही आहे.

"बाबा, सी आणि डी एकाच डिस्कवर आहेत. एकाच कपाटाचे दोन खण. वरच्या खणातलं खालच्या खणात ठेवलंत. कपाटालाच वाळवी लागली तर?"

"वीस वर्षांत लागली नाही."

"म्हणूनच आता भीती वाटते. डिस्क म्हणजे मिनिटाला हजारो फेरे मारणारी चकती. तुमचं ट्रेडल मशीनसुद्धा इतकं फिरलं नसेल."

"ट्रेडलला मी तेल घालायचो. यात कुठे घालू?"

यावर मात्र ती हसली. मग बोलणं अपडेटवर आलं आणि तिथे सूर बदलला. अण्णांचं म्हणणं साधं होतं: चालत्या यंत्राला हात लावू नये. सुनेचं म्हणणं, यंत्र तसंच राहिलं तरी बाहेरचं जग तसंच राहत नाही. तिने इस्पितळाचं उदाहरण दिलं. २०१७ साली वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभर कॉम्प्युटर कुलूपबंद केले, ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांत ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारा अपडेट १४ मार्चला आला होता. हल्ला झाला १२ मे रोजी. मधले दोन महिने लोक 'नंतर आठवण करा' दाबत राहिले.

"आणि गेल्या वर्षीचं विमानतळांवरचं?" अण्णा पेपर बारकाईने वाचतात. "१९ जुलै. पडदे निळे पडले सगळे. ते कशाने झालं? अपडेटनेच ना?"

"ते विंडोजचं नव्हतं, क्राउडस्ट्राइकचं होतं. सुरक्षेच्या सॉफ्टवेअरचं."

"सुरक्षेच्याच! पंच्याऐंशी लाख कॉम्प्युटर झोपले. आणि आपल्याकडे लोक विमानात बसले कसे? हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासवर. कागदावर!"

छापखान्याच्या मालकाला याहून गोड बातमी कुठली? त्या पासचा पेपरातला फोटो त्यांनी कापून ठेवला आहे, मी पाहिलाय.

"शिवाय तुझ्या त्या विंडोज टेनचाच एक अपडेट लोकांच्या फायली पुसून गेला होता."

"२०१८चा ऑक्टोबर. हो. मायक्रोसॉफ्टला तो चार दिवसांत थांबवावा लागला. मी कुठे म्हणते अपडेट देवमाणूस आहे? म्हणून तर आधी बॅकअप विचारते, मग विंडोज."

इथे अण्णा जरा थबकले. ती आपली बाजू सोडून देईल अशी त्यांची अपेक्षा नसावी. तिने लगेच न्हावा-शेवा काढलं.

"२७ जून २०१७. आपल्या जेएनपीटीतलं एक टर्मिनल ठप्प झालं होतं, आठवतं? कंटेनरच्या रांगा लागल्या. ते मर्स्क कंपनीचं. नॉटपेट्या नावाचा व्हायरस, तासाभरात जगभरातली त्यांची यंत्रं साफ."

"तोही कुणी अपडेट केलं नाही म्हणून?"

"नाही." ती क्षणभर थांबली. प्रामाणिक मुलगी आहे. "तो आलाच एका अपडेटमधून. युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या. पुढे पसरताना त्याने न बुजवलेली भोकं वापरली, पण शिरला तो अपडेटच्या पाकिटातून."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्रितात डोकं घातलं.

"पुढचं ऐका ना बाबा. कुठल्या माणसाला काय अधिकार, कुठलं यंत्र कुणाचं, ही सगळी नोंदवही त्यांच्याकडे दीडशेएक सर्व्हरवर होती. प्रत्येक सर्व्हर दुसऱ्याची नक्कल ठेवायचा. एक मेला तर बाकीचे आहेत, असा हिशेब. पण सगळे एकदम मरतील हे कुणी धरलंच नव्हतं. दीडशे नकला, एकही बॅकअप नाही."

"मग?"

"घानामध्ये एक सर्व्हर वाचला. त्या वेळी तिकडे वीज गेली होती."

अण्णांनी चष्मा काढला. "लोडशेडिंगने वाचवलं?"

"लोडशेडिंगने. बंद होता म्हणून व्हायरस पोचला नाही. सावरायचं काम चाललं होतं इंग्लंडमधून. घानाहून तिकडे इंटरनेटवरून पाठवायला दिवसच्या दिवस गेले असते. घानाच्या माणसाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग तो डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथे दुसऱ्याच्या हातात दिली, तो लंडनला घेऊन आला. सगळं मिळून दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर नव्याने उभे केले."

"म्हणजे टपालाने आली म्हण की शेवटी डिस्क," अण्णा म्हणाले. पण आवाज खाली आला होता.

मी लिहिणारी बाई आहे, निःपक्षपाती असल्याचा आव आणत नाही. बॅकअपच्या बाबतीत मी सुनेच्या बाजूची. पण अण्णांचा हट्ट निव्वळ म्हातारपणाचा नाही, हे तिला माहीत नव्हतं आणि मला होतं. ती या घरात येण्याआधीची गोष्ट. २०११ साली एका मेकॅनिकने आतल्या यंत्रावर विंडोज सेव्हन टाकलं होतं. अंक छापायला जाण्याआधी पाच दिवस. फायली एकूण एक जागेवर होत्या. पण त्याने चौसष्ट बिटचं विंडोज टाकलं, आणि डोंगलचा ड्रायव्हर होता बत्तीस बिटचा. चौसष्ट बिटच्या विंडोजमध्ये बत्तीस बिटचा ड्रायव्हर चढतच नाही. डोंगलने ओ दिली नाही, फॉन्ट उघडले नाहीत, आणि कवितेच्या पानावर कंस, टक्के, डॉलर आणि माथ्यावर टिंबं असलेली परदेशी अक्षरं नाचू लागली. जुन्या मराठी फॉन्टचं हेच आहे. पडद्यावर 'क' दिसतो, पण यंत्राच्या लेखी तिथे इंग्रजीतलंच एखादं चिन्ह असतं. फॉन्ट फक्त वरून मुखवटा चढवतो. मुखवटा गेला की खालचं उघडं पडतं. अण्णा त्या पानासमोर किती तरी वेळ उभे होते. शेवटी एक्सपी परत टाकून घेतलं.

हे मी तिला सांगितलं. अण्णांनी सांगितलं नसतं.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, म्हणजे यांच्या फायली पेनड्राइव्हवर घेऊन काही उपयोगच नाही."

"तेच तर म्हणतोय मी!" अण्णा.

"नाही, तुम्ही म्हणत होतात हात लावू नका. मी म्हणते, फायली घ्यायच्या नाहीत, आख्खी डिस्क घ्यायची. विंडोज, पेजमेकर, फॉन्ट, ड्रायव्हर, तुमच्या सेटिंगसकट. इमेज म्हणतात त्याला. जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर उतरवता येतं."

"म्हणजे मॅटर सोडायचं नाही. पान बांधलेलंच उचलून ठेवायचं."

"मला तुमचं ते खिळ्यांचं कळत नाही, पण असेल तसंच."

असंच होतं. खिळ्यांच्या काळात पुस्तक छापून झालं की पान मोडायचं, खिळे आपापल्या घरात परत टाकायचे. पुनर्मुद्रणाची खात्री असली तर पानं दोरीने बांधून फळीवर ठेवायची. शिसं अडकून पडायचं, पण अक्षर हलायचं नाही. तीस वर्षांत अण्णांना कॉम्प्युटरची इतकी चटकन समजलेली ही पहिलीच गोष्ट असावी.

मग तिने नियम सांगितला, तीन-दोन-एकचा. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने तो रूढ केला: प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. डिस्क कायम जोडून ठेवायची नाही, नाहीतर कुलूप लावणारा व्हायरस तिलाही लावतो.

"घराबाहेर कशाला? कुणाकडे ठेवू? लोक काय म्हणतील, अण्णांनी दागिने ठेवायला दिले?"

"आग लागली तर बाबा. पाणी आलं तर."

पाणी हा शब्द तिने सहज उच्चारला असेल. छापखाना पुण्याच्या नारायण पेठेत, आणि तिथे तो सहज उच्चारायचा नसतो. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांमध्ये घुसलं. छापखाना तेव्हा अण्णांच्या वडिलांचा. अण्णा सहा वर्षांचे. पाणी ओसरल्यावर दारातून चिखल उपसताना त्यातून खिळे निघत होते, हे त्यांनी मला अनेकदा सांगितलंय. खिळे धुतले, पोत्यांवर वाळत घातले, पण मराठीच्या केसमध्ये घरं शेकड्यांनी. कुठला पाऊण 'त' कुठे जायचा, कुठली वेलांटी कुठे, ते लावता लावता दिवाळी आली. लाकडी केस फुगून बसले ते बसलेच. एका संतचरित्राची हस्तलिखित प्रत आणि बांधलेली पानं, दोन्ही गेली.

"पण पुस्तक निघालं," अण्णा त्या दिवशी म्हणाले. हे मात्र मीही प्रथमच ऐकत होते. "लेखक साताऱ्याला होते. मुद्रितं तपासायला त्यांच्याकडे टपालाने गेली होती. एकशे बारा पानं. त्यांवरून परत जुळवलं."

सून काही बोलली नाही. तिने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

"बरं," अण्णा म्हणाले, "साताऱ्याला ठेवू एक."

इतकं झालं, तरी जुन्या यंत्राचं पुढे काय, यावर त्यांचं जमलं नाही. तिला ते यथावकाश निवृत्त करायचं होतं: वीस वर्षांच्या फायली युनिकोडमध्ये आणायच्या, मग कुठल्याही कॉम्प्युटरवर, फोनवर उघडतील. अण्णांना ते राहू द्यायचं होतं. त्याला इंटरनेट नाही, मग त्याला काय होणार? तिने विचारलं, फायली आत-बाहेर कशाने जातात? पेनड्राइव्हने. इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्रातली यंत्रंही इंटरनेटला जोडलेली नव्हती, तिथेही स्टक्सनेट नावाचा व्हायरस पोचलाच.

"माझ्याकडे कुठलं युरेनियम?" अण्णा म्हणाले.

या मुद्द्यावर मी अण्णांच्या बाजूला गेले, आणि कारण धंद्याचं आहे. युनिकोडमध्ये फायली 'आणणं' म्हणजे बटण दाबणं नव्हे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने बसतात: 'कि' लिहिताना वेलांटी आधी, 'क' मागून. रफार अक्षराच्या डोक्यावर शेवटी चढवायचा. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने चालतं: आधी 'क', मग वेलांटी, 'मूर्ती'तला 'र' 'त'च्या आधी. बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमला प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक रफार उचलून दुसरीकडे बसवावा लागतो. साध्या शब्दांत तो ते करतो. 'स्थितिस्थापक' किंवा 'निर्व्याज' आला की अडखळतो, आणि अडखळलेलं सांगत नाही. ते शोधायला माझ्यासारखं कुणी तरी हवं, आणि प्रत्येक पानाला नव्याने वाचायचे पैसे कुठलाच प्रकाशक देत नाही. म्हणून जे पुस्तक पुन्हा निघणार आहे तेवढंच आणावं, बाकीच्यांसाठी ते खोकं जिवंत ठेवावं, असं माझं मत. सुनेने ते अर्धंच मानलं. खोकं म्हणजे पत्र्याचंच असलं पाहिजे असं नाही, म्हणाली. एक्सपीचं आख्खं यंत्र आता नव्या यंत्राच्या पोटात, एका खिडकीत चालवता येतं. पण त्या खिडकीला पाठीमागे पंचवीस छिद्रांचं पोर्ट कुठून आणायचं, यावर येऊन ती थांबली.

भाऊबीज झाल्यावरच्या शनिवारी ती सामान घेऊन आली. नव्या यंत्राचं काम आधी. त्याची इमेज बाहेरच्या डिस्कवर घेतली, मग विंडोज अकराच्या तपासणीने यंत्र नापास केलं, म्हणून तिने बायोसमध्ये जाऊन टीपीएम या सुरक्षेच्या सोयीची बंद असलेली कळ चालू केली, मग पास. दीड-दोन तासांत विंडोज अकरा बसलं. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, परतीची वाट आहे का? दहा दिवस आहे, ती म्हणाली, तोवर जुनं विंडोज एका फोल्डरमध्ये पडून असतं. त्यानंतर आपली इमेज. स्टार्टचं बटण मध्यावर गेल्याबद्दल अण्णा दिवसभर कुरकुरत होते. तिने सेटिंगमध्ये जाऊन ते परत डावीकडे आणून दिल्यावर त्यांनी नव्या विंडोजविषयीची सगळी तक्रार मागे घेतली.

आतल्या खोलीत मात्र तिघंही उभे. झाकण उघडल्यावर आत धुळीचं बोटभर अस्तर निघालं. ती ब्रशने हलक्या हाताने झाडत होती. मदरबोर्डवरचा रुपयाच्या नाण्याएवढा सेल कधीच संपला होता. म्हणूनच ते यंत्र रोज सकाळी नव्याने जन्मल्यासारखी जुनी तारीख दाखवायचं, आणि अण्णा तिला हात लावायचे नाहीत. तिने नवा सेल बसवला. मग रुंद राखाडी पट्टीच्या केबलमधून डिस्क मोकळी केली. चाळीस जीबी. आज फोनमध्येही याहून जास्त जागा असते. क्लोनझिला नावाच्या प्रोग्रॅमने इमेज घ्यायला सुरुवात झाली तेव्हा डिस्कमधून कट् कट् असा आवाज येत होता, आणि अण्णा बाहेर जाऊन उगाच कागदाची रिमं मोजत बसले.

इमेज झाली. मला वाटलं संपलं. तिने पिशवीतून दुसरी डिस्क काढली, तपकीर गल्लीतून आणलेली, त्याच पट्टीची, ऐंशी जीबी.

"ही कशाला?" अण्णा दारातून.

"उतरवून बघायला. झाली असं पडद्यावर लिहून आलंय फक्त. उठते का ते अजून कुठे पाहिलंय?"

इमेज नव्या डिस्कवर उतरली. ती डिस्क यंत्रात गेली, जुनी वर्तमानपत्रात गुंडाळून अण्णांच्या हातात. बटण दाबलं. काळा पडदा इतका वेळ राहिला की मी चष्मा पुसून घेतला. मग एक्सपीचा तो हिरवा डोंगर आला, वर निळं आभाळ. पेजमेकर उघडला. डोंगलने ओ दिली.

"कुठली फाइल बघू?"

"२००६चा अंक," अण्णा म्हणाले. "पान चाळीस."

कथेचं पान होतं. एकही अक्षर फुटलेलं नाही, एकही टक्का नाही, डॉलर नाही. अण्णांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "ताई, वाचा. तुमच्याशिवाय खात्री नाही व्हायची."

मी वाचलं. तिसऱ्या परिच्छेदात 'स्थिती'ची पहिली वेलांटी दीर्घ पडलेली होती. त्या अंकाची मुद्रितं मीच तपासली होती.

"ही चूक माझी आहे," मी म्हटलं. "एकोणीस वर्षांची. आता उघडलंच आहे तर दुरुस्त करू का?"

अण्णांनी सुनेकडे पाहिलं.

"हात लावू नका, मावशी," ती म्हणाली. "ही साताऱ्याची प्रत आहे."